हरवणं सोपं, जिंकवणं अवघड: घोड्यांच्या शर्यतीतल्या रहस्यकथा समजून घेताना

रहस्यकथा चवीनं वाचणारे, पण शर्यतीतलं ओ की ठो न कळणारे वाचक पुष्कळ असतात. मीही त्यांतलाच. शेरलॉक होम्सच्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत मोठ्या शर्यतीच्या तोंडावर याच नावाचा घोडा नाहीसा होतो आणि त्याचा ट्रेनर माळावर मरून पडलेला सापडतो. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा कुत्रा कळला, सुरी कळली, लंगडणाऱ्या मेंढ्यासुद्धा कळल्या. एक साधी गोष्ट मात्र काही केल्या डोक्यात शिरेना. घोड्याला तयार करणारा ट्रेनर स्वतःच्याच तबेल्यातल्या घोड्याला अधू करायला का निघाला? घोडा जिंकला तर नाव त्याचंच होणार होतं की!

(आता रहस्य फुटलंच आहे, पुढे आणखी फुटेल. कथा १८९२ सालची आहे, त्यामुळे मला फारसं वाईट वाटत नाही. ज्यांना ती कोरी वाचायची आहे त्यांनी आधी ती वाचून यावं, अर्ध्या तासाचं काम आहे.)

या प्रश्नाचं उत्तर शोधताना लक्षात आलं की शर्यतीतल्या जवळजवळ सगळ्या गुन्हेकथा एकाच खुंटीला टांगलेल्या असतात. त्या खुंटीचं नाव 'भाव'. भाव कळला की हेतू कळतो, आणि हेतू कळला की गुन्हेगाराकडे जाणारी अर्धी वाट सरते. म्हणून आधी भावाबद्दल बोलू. खून वगैरे नंतर.

भाव कसा बोलतो

समजा, एका घोड्याचा भाव एकास पाच आहे. तुम्ही बुकीकडे त्याच्यावर एक पौंड लावलात आणि घोडा पहिला आला, तर पाच पौंड मिळतात, शिवाय लावलेला पौंड परत. नाही आला तर पौंड बुकीचा. या भावाचा अर्थ ढोबळमानानं असा की सहा वेळा पळवला तर हा घोडा एकदा जिंकेल असं बाजाराला वाटतं. ज्याच्यावर लोकांचा सर्वांत जास्त भरवसा, त्याचा भाव सर्वांत कमी. तो 'फेवरिट'. ज्याला कुणी विचारत नाही त्याचा भाव एकास तेहतीस, एकास पन्नास असा कुठेही असू शकतो.

बुकी हा भाव मनात येईल तसा ठरवत नाही. एखाद्या घोड्यावर भराभर पैसे यायला लागले की तो त्याचा भाव उतरवतो आणि बाकीच्यांचा चढवतो. त्याला कोण जिंकणार याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, कुणीही जिंकलं तरी आपल्या वहीत चार पैसे उरावेत एवढंच तो बघतो. म्हणजे भाव हा एक प्रकारे त्या घडीला सगळ्या बाजाराला जे माहीत आहे त्याचा गोळाबेरीज आकडा असतो. घोड्याचा मागचा फॉर्म, मैदान ओलं की कोरडं, जॉकी कोण, पाठीवर वजन किती, सगळं त्यात आलेलं असतं.

आता समजा, बाजाराला माहीत नसलेली एक गोष्ट फक्त तुम्हाला माहीत आहे. भाव काय सांगतो आणि प्रत्यक्षात काय होणार आहे, यांत जो फरक पडला तो तुमचा पैसा. शर्यतीतला चोर तिजोरी फोडत नाही, तो हा फरक तयार करतो. त्यामुळे या कथांमध्ये डिटेक्टिव्हनं विचारायचा पहिला प्रश्न 'कुणाला काय माहीत होतं, आणि केव्हापासून' हा असतो. हातात पिस्तूल कुणाच्या होतं ते मागाहून येतं.

माझ्या कोड्याचं उत्तरही इथेच आहे. तो ट्रेनर, जॉन स्ट्रेकर, बाहेर एक दुसरा संसार चालवत होता. तिकडची बाई खर्चिक होती. मेल्यावर त्याच्या खिशात सापडलेल्या बिलात तिच्या एकाच पोशाखाचे बावीस गिनी लावलेले आहेत. घोडा जिंकला असता तर स्ट्रेकरला शाबासकी मिळाली असती, फार तर थोडं बक्षीस. त्यानं कर्ज फिटलं नसतं. उलट, सगळ्यांचा भरवसा असलेला घोडा हरणार हे एकट्यालाच ठाऊक असेल, तर बाकीच्या घोड्यांचे चढलेले भाव म्हणजे सोन्याची खाण.

यात एक व्यावहारिक अडचण होती, आणि ती माहीत असली की जुन्या कथा वाचायला मजा येते. 'हा घोडा हरेल' अशी पैज पूर्वी सामान्य माणसाला सरळ लावता येत नसे. ती बाजू बुकीची. म्हणून जुन्या कथांतल्या खलनायकाला बुकी तरी सामील करून घ्यावा लागे, नाहीतर मधला माणूस शोधावा लागे, आणि तो माणूस पुढे फुटायचा. इंग्लंडमध्ये २००० साली बेटफेअर हा इंटरनेटवरचा पैजांचा बाजार आला आणि कुणालाही घरबसल्या घोड्याच्या विरोधात पैसे लावता येऊ लागले. गुन्हेगाराची सोय झाली, पण प्रत्येक पैज खात्यावर नोंदली जात असल्यामुळे तपास करणाऱ्याचीही झाली. आजच्या कथेत धुक्यातल्या माळरानाऐवजी मध्यरात्री कुणी कुठल्या खात्यातून पैसे लावले याची यादी येते. वाचायला ती जरा कोरडी वाटते, हे कबूल करायला हवं.

हरण्याला कारण लागत नाही

दहा घोडे पळाले की नऊ हरतात. हरणं हा या खेळातला रोजचा प्रकार आहे, त्यामुळे त्याचा कुणाला संशय येत नाही. मैदान जड होतं, सुरुवातीलाच गर्दीत अडकला, आज त्याचं मनच नव्हतं, अशी कारणं दर शर्यतीनंतर डझनानं मिळतात आणि बहुतेक खरीही असतात. गुन्हा लपवायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? घरात चोरी झाली तर निदान कपाट उघडं दिसतं. घोडा चौथा आला तर काय दिसणार?

हरवण्याच्या तऱ्हाही अगदी घरगुती. शर्यतीच्या थोडं आधी तहानलेल्या घोड्याला बादलीभर पाणी पाजलं तरी पुरतं. जॉकीला नुसता लगाम अर्धा इंच जास्त ओढून धरावा लागतो, किंवा वळणावर मोकळी जागा सोडून मुद्दाम गर्दीत शिरावं लागतं. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याला वाटच मिळाली नाही.

कधी कधी असं हरणं ही पुढच्या जिंकण्याची तयारी असते. बऱ्याच शर्यती 'हँडिकॅप' पद्धतीच्या असतात. त्यांत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन आणि कमकुवत घोड्याच्या पाठीवर कमी, म्हणजे सगळ्यांना साधारण सारखी संधी. जॉकीचं वजन कमी पडलं तर खोगिराखालच्या कापडात शिशाच्या पट्ट्या घालतात. वजन ठरतं मागच्या कामगिरीवरून. म्हणजे घोडा तीनचारदा जाणूनबुजून मागे ठेवला की त्याचं वजन उतरतं आणि भाव चढतो. मग एके दिवशी त्याला मोकळा सोडायचा. कथेत जेव्हा एखादा म्हातारा माणूस कठड्याला टेकून म्हणतो, "हा घोडा आज हरला, पण फार छान हरला," तेव्हा कान टवकारावेत.

विषाचा मार्ग जुना आणि ओबडधोबड. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला डॅनियल डॉसन नावाचा एक जण होता. तबेल्यांवर पाळत ठेवून खबरी विकणं हा त्याचा धंदा, अशा माणसांना तिकडे 'टाउट' म्हणतात. घोड्यांच्या पाण्यात आर्सेनिक कालवण्यापर्यंत त्याची मजल गेली, घोडे मेले, आणि १८१२ साली केंब्रिजमध्ये त्याला फाशी झाली. मेलेला घोडा प्रश्न विचारायला लावतो. हरलेला घोडा विचारायला लावत नाही. एवढं डॉसनला कळलं नाही.

स्ट्रेकरला ते बरोबर कळलं होतं. म्हणून तर त्याच्या हातात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची नाजूक सुरी आहे. घोड्याच्या मागच्या पायाच्या धोंडशिरेवर, कातडीच्या आतून, इवलीशी चीर द्यायची. वर खूण राहत नाही. दुसऱ्या दिवशी घोडा जरा लंगडतो, लोक म्हणतात सरावात पाय मुरगळला असेल. हात बसावा म्हणून त्यानं आधी माळावरच्या मेंढ्यांवर सराव केलेला असतो, आणि होम्स मेंढपाळाकडे चौकशी करतो ती याचसाठी: अलीकडे काही मेंढ्या लंगडायला लागल्यात का? हो, तीन.

हे सगळं ज्या खोलगट जागी घडलं तिथला चिखल होम्स पालथं पडून चाळतो आणि त्याला एक अर्धवट जळलेली काडी मिळते. पोलीस इन्स्पेक्टर चरफडतो की मला ही कशी दिसली नाही. होम्सचं म्हणणं असं की मी तीच शोधत होतो म्हणून मला दिसली. सुरीनं इतकं बारीक काम रात्रीच्या अंधारात करायचं तर उजेड लागणार, उजेड लागला तर काडी ओढली असणार. मला त्या प्रसिद्ध कुत्र्यापेक्षा ही काडी जास्त आवडते. कुत्र्यानं फक्त 'कोण' एवढं सांगितलं. रात्रीच्या त्या वेळी तिथे काय चाललं होतं ते काडीनं सांगितलं.

आता कुत्र्याकडे येऊ, कारण त्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तबेल्यात कुत्रा होता. रात्री कुणीतरी आत येऊन घोडा घेऊन गेलं, तरी माळ्यावर झोपलेल्या दोन पोरांना जाग येईल असा कुत्रा भुंकला नाही. म्हणजे येणारा त्याच्या ओळखीचा होता. पहाऱ्यावरच्या तिसऱ्या पोराला अफू घातलेलं मटण खायला दिलं होतं. अफूला चव असते, ती लपवायला झणझणीत मसाला हवा. आता बाहेरून आलेला संशयित त्या रात्री ट्रेनरच्या घरी मसालेदार मटण शिजेल असं कसं घडवून आणणार? ते घरातलाच माणूस ठरवू शकतो. दोन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात: आतला माणूस. आणि शर्यतीच्या कथेत आतलाच माणूस का असतो, तर बाजाराला जे माहीत नाही ते आतल्यालाच माहीत असतं.

आणि जिंकवायचं असेल तर?

इथे खरी गंमत सुरू होते. औषधं सोडली तर हळू घोड्याला वेगवान करण्याचा साधा उपाय कुणालाच सापडलेला नाही. म्हणून पळवाट काढली गेली: हळू घोड्याच्या नावावर वेगवान घोडा पळवायचा. अशा बदली घोड्याला इंग्रजी बोलीत 'रिंगर' म्हणतात.

सर्वांत गाजलेलं प्रकरण १८४४ च्या एप्सम डर्बीचं. डर्बी फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची. त्या वयात एका वर्षाचा फरक म्हणजे शाळकरी पोरांत कॉलेजचा मुलगा उतरवल्यासारखं. 'रनिंग रेन' नावाचा घोडा पहिला आला आणि लगेच कुजबुज सुरू झाली की हा मुळात 'मकॅबियस' नावाचा चार वर्षांचा घोडा आहे. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक या बड्या आसामीनं जातीनं तपास केला. प्रकरण कोर्टात गेलं. दुसऱ्या आलेल्या 'ऑर्लँडो'चा मालक कर्नल पील समोरच्या बाजूला होता.

न्यायाधीश होते बॅरन ऑल्डरसन. साक्षीपुराव्यांचा गुंता वाढत गेला तसं त्यांनी सरळ विचारलं, घोडा कुठे आहे? त्याचं तोंड बघू. घोड्याचे दुधाचे दात ठरावीक वयात पडतात. मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी, तिच्या बाजूची साडेतीनला, कडेची साडेचारला. जबडा उघडला की वय समोर. पण घोडा तोवर गायब झालेला. रनिंग रेनच्या मालकानं दावा सोडून दिला आणि डर्बी ऑर्लँडोला मिळाली. एखाद्या लेखकानं हे रचून लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, शेवट जरा जास्तच सोयीचा झाला.

दुसरं प्रकरण ऑस्ट्रेलियातलं, १८ ऑगस्ट १९८४, ब्रिस्बेनचं ईगल फार्म मैदान. हे मी लोकांना नेहमी सांगतो, कारण फजितीची एवढी चढती भाजणी विनोदी लेखकालाही सुचणार नाही. 'फाइन कॉटन' नावाच्या सुमार घोड्याच्या जागी त्याच्यासारखाच दिसणारा चांगला घोडा पळवायचा बेत होता. तो दिसायला सारखा घोडा ऐनवेळी जखमी झाला. मग घाईघाईनं 'बोल्ड पर्सनॅलिटी' नावाचा दुसराच आणला. तो वेगवान होता, पण रंग वेगळा, आणि फाइन कॉटनच्या पायांवर पांढरे मोजे घातल्यासारख्या खुणा होत्या, त्या याला नव्हत्या. मंडळींनी माणसांचा केस रंगवायचा रंग घोड्याला फासला आणि पायांना पांढरा रंग दिला. तिकडे पैज लावणाऱ्यांना कुणकुण लागली. भाव एकास तेहतीसवरून कोसळत साडेतीनवर आला. घोडा जेमतेम जिंकला, पायावरचा रंग ओघळायला लागला, आणि कठड्यापाशी गर्दी ओरडू लागली, "रिंग-इन! रिंग-इन!" म्हणजे बदली घोडा, बदली घोडा. निकाल तिथल्या तिथे रद्द झाला.

रंगाचं हसू येतं, पण बेत बुडवला भावानं. ज्या घोड्याला सकाळी कुणी विचारत नव्हतं त्याच्यावर दुपारी देशभरातून पैसे कोसळतात, याचा अर्थ वीसपंचवीस जणांना काहीतरी कळलेलं आहे. रिंगरच्या बेतातली मुख्य अडचण घोडा बदलण्याची नसते. भाव न हलवता भरपूर पैसे कसे लावायचे, ही असते.

ती अडचण ज्यांनी डोकं लढवून सोडवली त्यांचे बेत कथाकारांना मोहात पाडतात. २६ ऑगस्ट १९७४ ला इंग्लंडमधल्या कार्टमेलच्या छोट्या मैदानावर 'गे फ्यूचर' नावाचा घोडा पळणार होता. बेत आखणाऱ्यांनी सुट्टीचा दिवस निवडला, मैदानाला दूरध्वनीची सोय तुटपुंजी, म्हणजे लंडनच्या बुकींना मैदानावर निरोप पाठवून भाव पाडता येऊ नये. पैजाही त्यांनी गे फ्यूचरवर एकट्यावर लावल्या नाहीत. त्याच तबेल्याच्या आणखी दोन घोड्यांशी जोडून, शेकडो दुकानांत, थोड्या थोड्या लावल्या. ते दोन घोडे शर्यतीला आलेच नाहीत. मग नियमाप्रमाणे सगळे पैसे आपोआप गे फ्यूचरवर सरकले. बघणाऱ्यांना घोडा घामेजलेला, बिथरलेला वाटावा म्हणून त्याला साबणाचा चुरा चोळला होता. घोडा पंधरा लांबींनी, म्हणजे पंधरा घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतरानं जिंकला.

फुटलं कसं? एका पत्रकारानं सहज तबेल्यात फोन करून त्या दोन घोड्यांची चौकशी केली. शर्यतीला निघाले होते म्हणे, वाटेत काही अडचण आली का? पलीकडून निरागस उत्तर आलं की छे, ते इथेच कुरणात चरताहेत. बेत रचणाऱ्यांना पुढे हजार पौंडांचा दंड झाला. एवढ्या बारकाईनं विणलेलं जाळं फोन उचलणाऱ्या माणसाला काय सांगायचं हे न सांगितल्यामुळे सुटलं. रहस्यकथा लिहू पाहणाऱ्यानं हे भिंतीवर लावून ठेवावं.

माझा सर्वांत लाडका गुन्हा मात्र असा आहे की त्यात घोडाच नाही. १८९८ च्या ऑगस्टमधली बँक हॉलिडे. लंडनच्या 'स्पोर्ट्समन' या दैनिकाला कॉर्नवॉलमधल्या 'ट्रॉडमोर' इथल्या शर्यतींचं पत्रक पोस्टानं आलं. सुट्टीच्या दिवशी गावोगावी छोट्या शर्यती असायच्याच, पेपरनं ते छापलं. लोकांनी बुकींकडे पैसे लावले. दुसऱ्या दिवशी निकाल आले, तेही छापले. 'रीपर' नावाचा घोडा एकास पाचच्या भावानं जिंकला होता. बऱ्याच बुकींनी पैसे चुकते केले. मग 'स्पोर्टिंग लाइफ' या दुसऱ्या पेपरनं तोच निकाल छापला, पण छपाईत एकास पाचचं दोनास पाच झालं. खरा भाव कोणता, म्हणून बुकींनी चौकशी केली. आणि कळलं की ट्रॉडमोर नावाचं गावच नाही. मैदान नाही, घोडे नाहीत, रीपरही नाही. हे करणारे कधीच सापडले नाहीत.

छापखान्यातल्या एका जुळाऱ्याच्या चुकीनं बिंग फुटलं. बाकी सगळं चोख होतं.

औषधं देऊन घोडा जिंकवण्याचा मार्गही होता, त्याचा एकच किस्सा सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये घोड्यांना उत्तेजक देण्यावर बंदीच नव्हती. जॉर्ज लॅम्ब्टन या नावाजलेल्या ट्रेनरला हा प्रकार मान्य नव्हता, पण अधिकाऱ्यांना धोका पटेना. तेव्हा त्यांनी आपल्या तबेल्यातले पाच नाठाळ घोडे निवडले, अधिकाऱ्यांना आधी सांगून त्यांना उत्तेजक दिलं आणि उघडपणे पळवलं. चार जिंकले, एक दुसरा आला. लवकरच, १९०३ मध्ये, बंदी आली.

आता घोडा ओळखायला दात बघावे लागत नाहीत. पासपोर्ट असतो, केसांच्या भोवऱ्यांची नोंद असते, मानेत मायक्रोचिप असते. मग रिंगरची कथा मेली का? २०१७ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या यारमथला दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत एकास पन्नासच्या भावाची 'मँडरिन प्रिन्सेस' जिंकली. शर्यतीनंतर चिप तपासली तर ती तिच्याच तबेल्यातली तीन वर्षांची 'मिलीज किस' निघाली. कट वगैरे काही नव्हता, निव्वळ घोटाळा. पण चिप शर्यतीनंतर वाचली गेली, तोवर निकाल जाहीर झालेला होता. 'नंतर' या शब्दात कथाकाराला अजून भरपूर जागा आहे.

मग हे सगळं लघुकथेत कसं मावतं?

मला वाटतं, लघुकथेतच ते नीट मावतं. डर्बी साधारण अडीच मिनिटांत संपते. गुन्ह्याला आणि तपासाला ठरलेली अंतिम घडी आहे, घंटा वाजायच्या आत सगळं उलगडायला हवं. पात्रंही आधीच ठरलेली: मालक, ट्रेनर, जॉकी, मोतद्दार, बुकी, पशुवैद्य, टाउट. लेखकाला ओळख करून देण्यात पानं घालवावी लागत नाहीत. यांतला प्रत्येक जण बातमीचा एक तुकडा धरून असतो आणि दुसऱ्याला तो कळू देत नाही.

यांत मोतद्दाराकडे लक्ष ठेवावं असा माझा सल्ला. घोड्याला खरारा करणारा, त्याच्याजवळ झोपणारा, सर्वांत कमी पगाराचा माणूस. घोडा आज दाणा शिवला नाही हे मालकाच्या आधी त्याला कळतं. चांगला लेखक त्याला पहिल्या दोन पानांत एकदा बोलायला देतो आणि मग आपण त्याला विसरतो.

आतून लिहिणारा लेखक असला की काय होतं, ते डिक फ्रान्सिसकडे बघून कळतं. हा माणूस स्वतः जॉकी, १९५३-५४ चा इंग्लंडचा चॅम्पियन. १९५६ च्या 'ग्रँड नॅशनल' या अडथळ्यांच्या शर्यतीत तो राजमातेच्या 'डेव्हन लॉक'वर बसला होता. सगळे अडथळे पार झाले, पुढे कुणी नाही, विजयरेषा हाकेच्या अंतरावर. आणि घोड्यानं अचानक पुढचे पाय पसरले आणि पोटावर बसकण मारली. का, ते आजतागायत नक्की कळलेलं नाही. गर्दीच्या जल्लोषानं दचकला, बाजूच्या अडथळ्याची सावली बघून उडी मारायला गेला, पायात गोळा आला, असे तर्क झाले. फ्रान्सिसचा स्वतःचा कौल गर्दीच्या आवाजाला होता. पुढच्या वर्षी त्यानं घोडेस्वारी सोडली, पत्रकार झाला, १९६२ पासून रहस्यकादंबऱ्या लिहू लागला. १९९८ मध्ये तेरा कथांचा संग्रह आला. आयुष्यातलं सर्वांत मोठं कोडं न सुटलेला माणूस पुढची चाळीस वर्षं सुटणारी कोडी रचत बसला, हे मला फार सूचक वाटतं.

त्याच्या लेखनात हाडं मोडतात तेव्हा ती खरोखर मोडल्यासारखी वाटतात. उलट एडगर वॉलेस. तोही शर्यतींचा नादी, घोड्यांवर त्यानं भरपूर पैसे घालवले, आणि कुठला घोडा येणार याच्या टिपा विकणाऱ्या 'एज्युकेटेड इव्हान्स'च्या विनोदी कथा लिहिल्या. हरणाऱ्यांचं जग त्याला आतून माहीत होतं. जॉकी लिहितो तेव्हा घोडा कळतो, आणि पैसे घालवलेला लिहितो तेव्हा माणूस. दोन्ही वाचावं.

कॉनन डॉइलला यांतलं काहीच माहीत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यानं आत्मचरित्रात मोकळेपणानं मान्य केली आहे. 'सिल्व्हर ब्लेझ' छापून आल्यावर एका क्रीडापत्रानं कथेची चिरफाड केली. मालकाच्या नकळत त्याचा घोडा शेजारच्या तबेल्यात लपवून ठेवायचा, कपाळावरचा पांढरा पट्टा रंगवून झाकायचा आणि तशाच रूपात शर्यतीत उतरवायचा, हे सगळं होम्स स्वतः घडू देतो! खऱ्या नियमांप्रमाणे यातली अर्धी पात्रं तुरुंगात गेली असती आणि उरलेल्यांना मैदानावर कायमची बंदी आली असती, असं डॉइलनंच लिहून ठेवलंय. कथेचं मात्र काही बिघडलं नाही. मालक डोळे फाडून बघत राहतो की आपल्या रंगांच्या पोशाखातला जॉकी या कुठल्या अनोळखी घोड्यावर बसलाय, आणि तो घोडा सहा लांबींनी जिंकतो. मग मालक होम्सला विचारतो, स्ट्रेकरचा खुनी कुठे आहे? होम्स घोड्याच्या चकचकीत मानेवर हात ठेवतो. सुरी बघून बिथरलेल्या जनावरानं लाथ झाडली होती.

मालकाला अर्थातच सगळं तपशिलात ऐकायचं असतं. पण तेवढ्यात पुढच्या शर्यतीची घंटा वाजते, आणि तीवर होम्सचे थोडे पैसे लागलेले असतात. तो म्हणतो, सविस्तर मागाहून.